पाणी थंड करत नाही

डिसेंबरात मी पहिली यादी केली. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर, पंप, काचेसारख्या कडक नळ्या, निळं कूलंट, दहा पंखे आणि जिथे बसतील तिथे दिवे. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला आमच्या घरात त्या रात्री खोलीचं तापमान १८ अंश होतं. मांडीवर गोधडी होती आणि डोक्यात एकच वाक्य होतं: पाण्याने कॉम्प्युटर थंड राहतो.

मे महिन्यात त्याच खोलीच्या भिंतीवर दोनशे रुपयांचा थर्मामीटर टांगला. दुपारी चार वाजता, कूलर बंद ठेवून, ४१ अंश. यादी फाडली नाही, पण अर्ध्या गोष्टींवर काट मारली. हा लेख त्या काटांबद्दल आहे. आणि आपल्याला अशी यादी करायला लावणाऱ्या त्या वाक्याविरुद्धही आहे, कारण पाणी थंड करत नाही.

विदर्भातल्या माणसाला हे पटवणं अवघड. आपल्याकडे पाणी थंड करतं हे लहानपणापासून अंगावर अनुभवलेलं असतं. माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. कूलरच्या ताट्या भिजल्या की तापलेली हवा माणसात येते. पण ही करामत बाष्पीभवनाची आहे. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता सोबत घेऊन जातं. म्हणून तर कूलरला रोज बादल्या ओताव्या लागतात.

कॉम्प्युटरच्या लूपमधलं पाणी बंदिस्त असतं. ते कुठेच उडून जात नाही. चिपवरच्या तांब्याच्या ब्लॉकमधून उष्णता उचलतं, रेडिएटरपर्यंत नेतं, तिथे पंख्याच्या हवेला देतं आणि परत येतं. ते हमाल आहे. फार चांगला हमाल आहे, हे मान्य: एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला ४.१८ ज्यूल लागतात आणि तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून जास्त उष्णता वाहतं. पण हमालाने ओझं उतरवायचं कुठे, हे त्याला कोणी सांगितलं नसेल तर?

एक साधं गणित करा. मोबाइलवरच होईल. लूपमध्ये एक लिटर पाणी आहे, मशीन ५०० वॅट उष्णता टाकतंय आणि रेडिएटरचे पंखे बंद पडलेत. ५०० भागिले ४,१८० म्हणजे सेकंदाला ०.१२ अंश, मिनिटाला सात अंश. ४० अंशांवरचं पाणी तीन मिनिटांच्या आत ६० वर पोहोचतं, आणि ६० ही बऱ्याच पंपांसाठी वरची हद्द धरतात. म्हणजे पाण्याने तुम्हाला तीन मिनिटं दिली. बाकी सगळं काम रेडिएटर आणि खोलीच्या हवेचं.

आणि रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. कितीही महाग घ्या. चांगल्या लूपमध्ये पाणी खोलीपेक्षा दहाएक अंश वर राहतं. म्हणून तुम्ही पाहता त्या व्हिडिओतल्या एसी खोलीत, २२ अंशांवर, पाणी ३२ ला आणि चिप समजा ६८ ला. तेच मशीन उचलून माझ्या मेमधल्या खोलीत आणा: पाणी ५१, चिप ८७. रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरची कमाल मर्यादा ८९ अंश आहे. तिथे पोहोचला की तो आपला वेग स्वतःच उतरवतो. हवेचा साधा कूलरही असाच १९ अंशांनी वर सरकतो, म्हणजे पाण्यावर जास्तीचे पैसे घालून उन्हाळ्यातून सुटका मिळत नाही.

खोलीचं तापमान न सांगता चिपचं तापमान सांगणं ही निव्वळ फसवणूक आहे. मुद्दाम केलेली नसेलही, पण पैसे आपले जातात. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आठवतं? दिवसभर तो आकडा फोनमधून फिरला. नंतर हवामान खात्याने सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. तेव्हा आपण सगळे हसलो. पण ‘फुल लोडवर फक्त ६५ अंश!’ असा आकडा दिसला की आपल्यापैकी एकही जण विचारत नाही: कुठल्या खोलीत? किती वेळ? किती वॅटवर?

हे न विचारण्याची सवय आपल्याला कॉलेजात लागली. मी इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला माणूस आहे. उष्णतेची सूत्रं जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवली, व्हायव्हाला घडाघडा म्हटली, सह्या घेतल्या. चार वर्षांत एका खोलीचं तापमान मोजून नोंदवायला मात्र कोणी लावलं नाही आणि मलाही सुचलं नाही. त्यामुळे आयुष्यातलं पहिलं मोठं मशीन जमवायची वेळ आली तेव्हा इंजिनिअर असूनही मी गिऱ्हाइकासारखा वागलो. यादी केली, किमती जोडल्या. उष्णता शेवटी कुठे जाणार, ही ओळ त्या यादीत नव्हतीच.

ज्यांना खरोखर पाण्याने मशीन थंड करावं लागतं, ते सुरुवातच या ओळीपासून करतात. आयबीएमच्या १९८०च्या ३०८१ मेनफ्रेममध्ये चिपांच्या साच्यांवरून थंड पाणी फिरायचं. पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ हा सुपरकॉम्प्युटरही थेट द्रवाने थंड होतो. अशा ठिकाणी उष्णता इमारतीबाहेर काढून टाकणं हा बांधकामाच्या नकाशातला भाग असतो. आपण मात्र त्यातलं अर्धंच काम उचललं. चिपपासून काचेच्या कॅबिनेटपर्यंत उष्णता आणायची, वर इंद्रधनुष्य लावायचं आणि ती खोलीत सोडून द्यायची.

आणि त्या खोलीत माणसं राहतात. ६०० वॅटचं मशीन रात्रभर चाललं की खोलीत ६०० वॅट उष्णता पडते. हवेने थंड केलं तरी तेवढीच, पाण्याने केलं तरी तेवढीच. एक टन एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे त्याचा सहावा हिस्सा तुमचा छंदच खाणार. आमच्या घरात एसी नाही. माझ्या टेबलापासून चार फुटांवर धाकटी बहीण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि मधलं दार उघडलं की आईबाबांची खोली. बाबांना योजना सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “रातभर इस्त्री चालू ठेवल्यासारखंच होईन ना गा हे?” सातवी पास माणसाने एका वाक्यात उष्णतेचा हिशेब मांडला होता.

इथे कोणी म्हणेल, कूलर आहे ना. बरोबर आहे. मेमध्ये कूलर चालू केला की माझी खोली ३२ वर येते, आणि समोरची खिडकी उघडी असेल तर कूलरचा वारा मशीनची उष्णताही सोबत बाहेर नेतो. मोजून पाहिलं आणि माझाच अंदाज चुकला. विदर्भात कॉम्प्युटरचा खरा शत्रू मे नाही. तो जुलै ते ऑक्टोबर आहे. हवा दमट, कूलर निकामी, पाऊस आणि मच्छरांमुळे खिडक्या बंद. ऑगस्टमध्ये रात्री दहा वाजता खोली ३३ वर होती. जुनं मशीन, साधारण ३०० वॅटचं, दोन तास पूर्ण ताणावर चालवलं. खोली साडेपस्तीसवर गेली. बहीण पुस्तक घेऊन आईच्या खोलीत गेली. काही बोलली नाही.

त्या रात्री माझ्या दृष्टीने निळ्या कूलंटचा विषय संपला.

मग वॉटर कूलिंग करूच नये का? हा दुसरा आळस. ‘आपल्याकडे नाही चालत हे’ म्हणणारे आणि व्हिडिओ बघून यादी उतरवणारे, दोघंही मोजत नाहीत. मी तर म्हणतो करा, पण कशासाठी ते आधी लिहा. पाण्याचे खरे फायदे तीन. उष्णता मोठ्या पृष्ठभागावर पसरवता येते, म्हणून पंखे सावकाश फिरतात आणि आवाज कमी होतो. क्षणभराचा ताण पाणी गिळून टाकतं. आणि तिसरा, ज्याच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं: उष्णता नळीतून हव्या त्या जागी नेता येते. हवेच्या कूलरला हे जमणार नाही.

माझी दुसरी योजना या तिसऱ्या फायद्यावर उभी आहे. रेडिएटर कॅबिनेटमध्ये नाहीच. भिंतीला भोक पाडून दोन नळ्या मागच्या पडवीत, उत्तरेच्या सावलीत, आणि तिथे नऊ पंख्यांचा एक मोठा रेडिएटर. लूप भरलेला आणि बंद असल्यामुळे उंचीचा फरक पंपाला फारसा जाणवत नाही, त्याला झगडावं लागतं ते नळीतल्या घर्षणाशी. मेच्या दुपारी पडवीत ४४ असतात, तेव्हा पाणी ५२ पर्यंत जाईल. जड काम तेव्हा करायचंच नाही. ते रात्री चालेल, आणि त्याची उष्णता कोणाच्या उशाशी पडणार नाही.

त्याआधी एक फुकटचं काम. मशीनची वॅटची मर्यादा उतरवा. इंटेलचा आय९-१४९००के २५३ वॅटपर्यंत खेचतो, आरटीएक्स ५०९० कार्ड ५७५. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी हे भाग बेसुमार वीज जाळतात. बायोसमध्ये मर्यादा खाली आणली तर वेग थोडा घटतो आणि उष्णता पुष्कळ. हे कोणी विकत नाही, म्हणून याची जाहिरातही नसते.

नळ्या काळ्या रबराच्या, ईपीडीएमच्या. पीईटीजीच्या कडक नळ्या ६० अंशांच्या आसपास नरम पडू लागतात, आणि आपल्या उन्हाळ्यात ५२ ते ६० हे अंतर एक पंखा बंद पडण्याइतकंच आहे. पडवीतल्या नळ्यांना जाळी हवी, कारण उंदरांना रबर आवडतं. रेडिएटरच्या पात्या विरळ घ्या. धानाची मळणी सुरू झाली की दाट पात्यांत भुसा अडकून बसतो.

धातूंच्या बाबतीत भंडाऱ्याच्या माणसाला शिकवायची गरज पडू नये. पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव ओळखलं जातं. लूपमध्ये तांबं, पितळ, निकेल चालतं. ‘जर्मन’, म्हणजे ॲल्युमिनियम, त्यात मिसळलं की एकाच पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. स्वस्तातले तयार सीलबंद कूलर बहुधा ॲल्युमिनियमचाच रेडिएटर वापरतात आणि गंजरोधक द्रवावर निभावतात. तो काढून आपल्या लूपला जोडण्याची काटकसर करू नका. पाणी डिस्टिल्ड, त्यात गंजरोधक आणि शेवाळ मारणारं औषध. बोअरचं नाही, आरओचंही नाही. आणि डिस्टिल्ड पाण्यातून वीज वाहत नाही या भरवशावर राहू नका. धातूंमधून फिरलं की त्यात क्षार उतरतातच. म्हणून आधी हवेच्या दाबाने गळती तपासायची, मग मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप चोवीस तास चालवायचा. तळाशी पाणी काढायचा नळ पहिल्या दिवशीच बसवायचा.

मित्र म्हणतो, “इतकं डोकं लावण्यापेक्षा एसी लाव ना बे.” लावता येईल. मग एसी माझ्या मशीनची उष्णता आणि स्वतःच्या विजेची उष्णता, दोन्ही गल्लीत फेकेल, जिथे शेजारचे आजोबा बाज टाकून झोपतात. खरं तर पडवीतला रेडिएटरही उष्णता बाहेरच टाकणार, पण कमी आणि मोकळ्या परसाकडे. उष्णता नाहीशी होत नाही. ती कुणाच्या तरी वाट्याला जाते. ती कोणाच्या वाट्याला गेली हे विचारणं, एवढीच माझी मागणी आहे.

दुसरा म्हणतो, छंदात इतका हिशेब कशाला? कारण हे पैसे छंदाचे नसतात. आपल्यातल्या बहुतेकांचे ते सहा महिने बाजूला टाकलेले असतात आणि त्यांवर घरातल्या कुणाचा तरी मूक हक्क असतो. माझ्या डिसेंबरच्या यादीत नुसत्या लूपचा खर्च प्रोसेसरपेक्षा जास्त होता. त्यातला निम्मा दिसण्यावर होता. दिसण्यावर खर्च करायला हरकत नाही, पण तो ‘थंड राहण्याच्या’ खात्यात लिहू नये.

आपल्या जिल्ह्यात मालगुजारी तलाव गावोगावी आहेत. ते बांधणाऱ्यांनी पाळ घालताना जास्तीचं पाणी कुठून बाहेर पडेल हेही ठरवून ठेवलं. सांडवा नसलेला तलाव पहिल्या मोठ्या पावसात फुटतो. आपली यादीही सांडव्यापासून सुरू व्हायला हवी.

म्हणून पहिलं वॉटर-कूल्ड मशीन जमवणार असाल तर पहिली खरेदी थर्मामीटरची करा. एक वही घ्या. खोलीचं तापमान सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दहाला लिहा. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा. आकडे पाहून साधा हवेचा कूलर आणि उतरवलेली वॅट पुरेशी वाटली, तर अभिमानाने तेच घ्या. बहुतेकांना तेच पुरेल.

माझ्या वहीला आता अकरा महिने झालेत. पंप अजून घेतलेला नाही. भिंतीतल्या भोकाची जागा मात्र बाबांनी स्वतः खडूने आखून दिली आहे.