पत आमच्याकडे आहे, नोंद तुमच्याकडे नाही

प्रति,
मा. जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक
आणि जिल्हास्तरीय सल्लागार समितीचे सर्व सन्माननीय सदस्य, कोल्हापूर



हे पत्र खरं तर क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकांच्या मुंबईतल्या मुख्यालयांना लिहायला हवं होतं. पण तिकडे पत्र गेलं की ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ असा एसएमएस येतो आणि विषय तिथंच मिटतो. तुम्ही इथले आहात. धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने बँकांनी जिल्हा धरून काम करावं असं सुचवलं आणि 1969 साली अग्रणी बँक योजना आली. आपल्या जिल्ह्याची ती जबाबदारी बँक ऑफ इंडियाकडे आहे. जिल्हाधिकारी, रिझर्व्ह बँक, नाबार्ड, जिल्हा बँक, सरकारी आणि खासगी बँका एका टेबलाशी बसतात ती जागा म्हणजे तुमची समिती. म्हणून हे तुम्हाला.

भुदरगड किंवा राधानगरीतली एखादी बाई घ्या. तिच्या नावावर गावच्या दूध संस्थेचं सभासदत्व आहे. गोकुळ दूध संघाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. त्यातून पशुखाद्याचे पैसे कापले जातात आणि उरलेले खात्यावर येतात. म्हणजे महिन्याला तीन वेळा, वर्षानुवर्षं, तिच्या कमाईचा आणि फेडीचा हिशोब कुठंतरी लिहिला जातोय. हीच बाई पोरीच्या शिक्षणासाठी शाखेत कर्ज मागायला गेली की साहेब संगणकात बघून सांगतात, ‘तुमचं सिबिलच नाही.’ म्हणजे कर्जफेडीची नोंद नाही. ‘नाही’ याचा अर्थ ‘वाईट आहे’ असा नाही. पण ती घरी येऊन तसंच सांगते, आणि गावातही तसंच समजलं जातं.

विकास सेवा सोसायटीचंही तेच. जिल्हा बँक संस्थेला कर्ज देते, संस्था सभासदाला देते आणि ऊस बिलातून वसुली परस्पर होते. मधल्या या पायरीवर सभासदाची स्वतंत्र नोंद अनेकदा सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स किंवा क्रिफ हाय मार्क या चारपैकी कोणत्याही पतमाहिती कंपनीपर्यंत पोचत नाही. पतसंस्थेच्या कर्जाचंही बहुतेक तसंच. दोन जामीनदार देऊन घेतलेलं आणि हप्ता न चुकवता फेडलेलं कर्ज पतसंस्थेच्या खातेवहीत राहतं. बाहेरच्या बँकेच्या लेखी ते झालेलंच नसतं.

कुणी म्हणेल, ऊस बिलातून कापून घेतलेल्या वसुलीत शेतकऱ्याची पत कसली? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. सोसायटीचं खातं मार्चअखेर किंवा जूनअखेर नवं-जुनं करताना बिल पुरलं नाही तर माणूस म्हैस विकतो, पाहुण्यांकडून हातउसने आणतो, पण थकबाकीदारांच्या यादीत नाव लागू देत नाही. सरकारने नियमित फेड करणाऱ्या शेतकऱ्यांना 50 हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन अनुदान दिलं, तेव्हा या जिल्ह्यातल्या गावोगावच्या याद्या कशा लांबलचक होत्या हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? शिवाय बिल उशिरा आलं तर चूक कारखान्याची. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज द्यायचं असं कागदावर आहे. ते व्याज किती जणांच्या हातात पडलं, हा वेगळा विषय.

आता दुसरी बाजू. ज्याची कुठंच नोंद नाही, त्याच्यापर्यंत क्रेडिट कार्डवाले मात्र बरोबर पोचतात. मॉलच्या दारात, पेट्रोल पंपावर, कॉलेजच्या कार्यक्रमात मंडप असतो. टाय लावलेली पोरं ‘लाइफटाइम फ्री आहे सर’ म्हणत हातात पत्रक देतात. आमच्या गल्लीतला एक पोरगा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. दिवाळीत मोबाईल आणि टीव्ही घेऊन झाल्यावर कार्डाचं बिल घेऊन माझ्याकडे आला. सगळा मजकूर इंग्रजीत. एकूण थकबाकी सुमारे 40 हजार. तिच्या शेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत, ‘मिनिमम ड्यू’ दोन हजारांच्या आसपास. त्याचा प्रश्न एवढाच : ‘काका, दोन हजार भरले की झालं ना?’

मी कागद घेऊन त्याला हिशोब मांडून दाखवला. अनेक कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. 40 हजारांवर महिन्याचं व्याज 1,400 आणि व्याजावर 18 टक्के जीएसटी 252. झाले 41,652. किमान रक्कम पाच टक्के धरली तर भरायचे 2,083. एवढे भरल्यावर उरले 39,569. म्हणजे दोन हजार खिशातून गेले आणि देणं कमी झालं 431 रुपयांनी. वर्षभर नवी खरेदी एक पैशाची न करता हेच चालवलं, तर साधारण साडेतेवीस हजार भरून थकबाकी पाच हजारांनीसुद्धा उतरत नाही. तो थोडा वेळ कागदाकडे बघत बसला, मग म्हणाला, ‘हे त्या मंडपातल्यानं सांगितलं न्हाई.’

रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2022 मध्ये कार्डांबाबत सविस्तर निर्देश काढले. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड कित्येक महिने, वर्षं लांबेल, ही सूचना प्रत्येक बिलावर छापायची असं त्यात आहे. ती छापलेली असते. इंग्रजीत, तळाला, बारीक अक्षरांत. अटी साध्या भाषेत आणि शक्यतो इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत द्याव्यात, असंही तिथं म्हटलंय. या ‘शक्यतो’च्या आडोशाने मराठी बिल आजवर माझ्या तरी पाहण्यात आलेलं नाही. कार्ड विकताना मात्र मंडपातली पोरं अस्खलित कोल्हापुरीत बोलतात.

व्याजाच्या दराबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 सालचा. त्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, शेतकऱ्याकडून 12. कार्डाचे साडेतीन टक्के वर्षाला 42 होतात, जीएसटी वेगळा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली कार्डावरच्या व्याजाला 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली. म्हणजे बँका जे करतात ते कायदेशीर आहे. बिनपरवाना सावकार महिन्याला दहा टक्के लावतो आणि वर दमदाटी करतो, त्याच्याशी बँकेची बरोबरी मी करत नाही. पण ज्या जिल्ह्यात तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं की शून्य टक्के पडतं, तिथल्या माणसाला 42 हा आकडा त्याच्या भाषेत, सही करायच्या आधी, तोंडावर सांगायला नको का?

मी कार्डाच्या विरोधात नाही. पूर्ण बिल तारखेच्या आत भरणाऱ्याला ते महिना-दीड महिना बिनव्याजी पैसे देतं, आणि नोंद नसलेल्या माणसाला नोंद मिळवून देणारं त्याच्याइतकं सोपं साधन दुसरं नाही. लहान मर्यादेचं कार्ड घ्यावं, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये, बिल पूर्ण भरावं, एटीएममधून त्यावर रोख कधी काढू नये, कारण रोखीवर व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. एवढं पाळलं तर सहाएक महिन्यांत पतगुणांकन दिसू लागतं. ज्याला कार्ड मिळत नाही त्याला मुदत ठेवीवर कार्ड देणाऱ्या बँका आहेत. कोल्हापूरकर ठेवी ठेवण्यात मागं नाही; पण ठेवीवर कार्ड मिळतं हे काउंटरवर कुणी सांगत नाही, कारण त्यावर मंडपातल्या कुणाचं टार्गेट भरत नसावं.

जिल्हा बँकेला तर कार्डच देता येत नाही. 2022 च्या निर्देशांतून राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका वगळल्या आहेत. त्यामुळे इथल्या माणसाला ओळखणारी बँक कार्ड देत नाही आणि कार्ड देणारी बँक त्याला ओळखत नाही. ही दरी बुजवणं तुमच्या हातात आहे, निदान बरंचसं.

जानेवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून फेटाळू नये. त्याच वर्षी मे महिन्यात राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी पीक कर्जाला सिबिल मागू नका म्हणून बँकांना दम भरला. दम देऊन बातमी होते, शाखेतला रिवाज बदलत नाही. म्हणून पहिलं, पुढच्या बैठकीत प्रत्येक बँकेकडून एक आकडा मागा : तिमाहीत किती अर्ज ‘सिबिल नाही’ एवढ्याच कारणावर परत गेले. अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी द्यायचं हा नियम जुनाच आहे आणि तो कार्डाच्या अर्जालाही लागू आहे. ते लेखी कारण मिळत नाही, म्हणून हा आकडाही कुणाकडे नाही.

दुसरं, दूध बिलाचं बँक खात्यावरचं विवरण आणि सोसायटीचा खातेउतारा हे दोन कागद उत्पन्नाचा व फेडीचा पुरावा म्हणून धरावेत, असं जिल्ह्यातल्या सगळ्या शाखांना कळवा. विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना 2022 पासून सुरू आहे. सभासदाची फेड संगणकात आली असेल, तर त्याच्या संमतीने ती पुढं का जाऊ नये, हा प्रश्न जिल्हा बँक आणि नाबार्डच्या प्रतिनिधींनी तिथंच बसून सोडवावा. यात एक धोकाही आहे. आज नोंद नाही म्हणून थकबाकीचीही नोंद नाही. ती सुरू झाली की कारखान्याने थकवलेल्या बिलाची शिक्षा शेतकऱ्याच्या गुणांकनाला बसेल. तेव्हा कारखान्याकडून येणं बाकी असलेल्या सभासदाला थकबाकीदार दाखवायचं नाही, ही अट आधी घाला.

तिसरं, तुमची आर्थिक साक्षरता केंद्रं. फेब्रुवारीत साक्षरता सप्ताह येतो, फलक लागतो, फोटो निघतो. त्यापेक्षा सोसायट्यांच्या वार्षिक सभेत अर्धा तास मागून घ्या. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींत पगाराच्या आठवड्यात जा. 40 हजारांचा वरचा हिशोब फळ्यावर मांडा. तडजोड करून अर्ध्या रकमेत खातं मिटवलं की अहवालात ‘सेटल्ड’ असा शिक्का राहतो आणि तो पुढची कित्येक वर्षं नडतो, हे सांगा. ‘सिबिल दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांबद्दल बोला. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत, हे बँकेच्या तोंडून आलं तर लोक ऐकतील.

हे पत्र वाचणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी दोन ओळी. चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो; तो काढून बघा. ज्याला जामीन राहिलात त्याचं कर्जही त्यात तुमच्या नावासमोर दिसू शकतं. चूक आढळली तर त्या कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीसाठी क्रमांक 14448.

आणि समितीला विनंती एवढीच, की वरचे तीन मुद्दे पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावेत आणि त्या बैठकीचं इतिवृत्त मराठीत प्रसिद्ध करावं.

कळावे,
आपला,
एक खातेदार, मंगळवार पेठ, कोल्हापूर