साठवणुकीचे सर्व्हर: चार मोठे की आठ छोटे?

आयर्लंडच्या बर गावातल्या किल्ल्याच्या आवारात 1845 साली सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी राहिली. तिथेच 2017 पासून लोफार या युरोपीय रेडिओ दुर्बिणीचं एक केंद्र आहे. अशा एका केंद्रातून सेकंदाला सुमारे 3.2 गिगाबिट डेटा वाहतो. हा ओघ सलग साठवला, तर दिवसाला साधारण 34 टेराबाइट होतात! इतका डेटा एका यंत्रात मावत नाही. तो अनेक सर्व्हरवर वाटून ठेवावा लागतो.

या वाटपासाठी 'सेफ' ही मुक्तस्रोत प्रणाली लोकप्रिय आहे. सेज वाइल याच्या कॅलिफोर्नियातल्या पीएचडीच्या कामातून ती जन्मली, आज सर्नमध्येही ती वापरतात. सॉफ्टवेअर फुकट, पण सर्व्हर विकत घ्यावे लागतात. संशोधनगट इथे एकच प्रश्न विचारतात: टेराबाइटमागे किंमत किती? उत्तरात हमखास मोजकी, डिस्कांनी खच्चून भरलेली यंत्रं येतात. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे.

हिशोब करून पाहू. समजा, 24 डिस्कांचे चार सर्व्हर घेतले, प्रत्येक डिस्क 16 टेराबाइटची. एकूण 1536 टेराबाइट. एखादं यंत्र बंद पडलं तरी डेटा सुरक्षित राहावा म्हणून प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, तिन्ही वेगळ्या यंत्रांवर. म्हणजे वापरायला उरले 512.

दुसरा मार्ग इरेजर कोडिंगचा. फाइलचे चार तुकडे करायचे आणि त्यांच्यापासून गणिताने आणखी दोन बनवायचे. सहांपैकी कुठलेही चार हाती असले की फाइल परत मिळते. तीन प्रतींप्रमाणेच इथेही दोन यंत्रं गेली तरी चालतं, पण जागा तिप्पट नव्हे, दीडपटच लागते. अट एवढीच, की सहा तुकडे सहा वेगळ्या यंत्रांवर हवेत. चार सर्व्हर असलेल्याला हा मार्ग बंद! आठ सर्व्हर घेतले, तर प्रत्येकी फक्त सहा डिस्का टाकूनही तेच 512 टेराबाइट मिळतात. 96 ऐवजी 48 डिस्का.

शिवाय बंद पडलेल्या यंत्राचा डेटा उरलेल्यांवर पुन्हा उभा करायला मोकळी जागा लागते. चार यंत्रं असतील तर पाव भाग कायम रिकामा ठेवायचा, आठ असतील तर अष्टमांश.

"पण जास्त यंत्रं म्हणजे जास्त वीज!" हा आक्षेप आयर्लंडमध्ये गांभीर्याने घ्यायलाच हवा. सांख्यिकी कार्यालयाच्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये देशातल्या मीटरवर मोजलेल्या विजेपैकी 21 टक्के डेटा सेंटरनी वापरली. शहरी घरांनी 18 टक्के. पण डिस्का सोडून एका साध्या सर्व्हरला 100 वॅट धरले, तर चार जादा यंत्रांचे 400 वॅट होतात. फिरत्या डिस्कला साधारण 7 वॅट लागतात, म्हणजे 48 डिस्का वाचल्या की 336 वॅट वाचतात. जवळपास फिटंफाट! मात्र यंत्रं खरोखर साधी हवीत: एकच प्रोसेसर, तोही मधल्या दर्जाचा.

इरेजर कोडिंग सगळीकडे चालत नाही. सतत बदलणाऱ्या बारीक नोंदींसाठी ते संथ पडतं. तिथे तीन प्रतीच बऱ्या. दुर्बिणीच्या किंवा जनुकक्रमांच्या मोठ्या, एकदा लिहून पुन्हा पुन्हा वाचायच्या फाइलींना मात्र ते छान जमतं. आणि दोन ठिकाणी काटकसर नको. नोंदवहीसाठीची एसएसडी वीज गेल्यावरही लिखाण पूर्ण करणारी हवी, साधी घरगुती एसएसडी इथे फार मंदावते. तसंच एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या, म्हणजे एसएमआर प्रकारच्या स्वस्त डिस्का टाळाव्यात. पुनर्बांधणीच्या वेळी नेमक्या त्याच रखडतात.

तेव्हा दरपत्रक मागवताना विचारावं: एक यंत्र मेल्यावर माझा किती डेटा सुरक्षित राहील, आणि त्या सुरक्षित टेराबाइटमागे पैसे किती, वॅट किती? संशोधनाचा पैसा बहुतेक वेळा जनतेचा असतो, आणि वीजही तिच्याच वाट्याची.