संगोपन कुटुंबातले मूल आणि ‘वाईट रक्ता’चा आरोप

संगोपन कुटुंबात, म्हणजे पालकांपासून दुरावलेल्या मुलाला सांभाळणाऱ्या दुसऱ्या घरात, आलेले लहान मूल आदळआपट करते, चावते, पोळी उशीखाली लपवते किंवा अनोळखी माणसाच्या मांडीवर खुशाल जाऊन बसते, तेव्हा त्याचे खापर त्याच्या रक्तावर फुटते. मूळच तसे, कितीही करा, पालथ्या घड्यावर पाणी, असे म्हणून लोक मोकळे होतात. हे मत क्रूर तर आहेच, शिवाय खोटेही आहे.

रुमानियात चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बुखारेस्टच्या सहा संस्थांमधली १३६ मुले अभ्यासासाठी घेतली. वय ६ ते ३१ महिने. या संस्थांत सांभाळणाऱ्या बाया पाळीपाळीने बदलत आणि खाणे, न्हाणे, झोपणे घड्याळावर चाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची विभागणी झाली: ६८ संगोपन कुटुंबांत, ६८ नेहमीच्या व्यवस्थेत. दोष रक्ताचा असता, तर पुढेही दोन्ही गट सारखेच निघते. पण साडेचार वर्षांच्या वयात कुटुंबात गेलेल्यांमध्ये चिंता-नैराश्याचे विकार स्पष्टपणे कमी दिसले. सांभाळणाऱ्या व्यक्तीशी त्यांचे नातेही अधिक भरवशाचे झाले होते, आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांत हा फरक ठळक होता.

पण म्हणून ‘माया मिळाली की सगळे आपोआप सुरळीत होते’ असे मानणेही चूक. याच मुलांचा चंचलपणा आणि आक्रमकपणा त्या वयापर्यंत तितका निवळला नव्हता. मायेची वाट अडते कुठे, हे मानसशास्त्रज्ञ मेरी डोझियर यांच्या अमेरिकेतील कामातून कळते. गुडघा खरचटलेले मूल संगोपक आईकडे वळत नाही, तिचा हात झिडकारते. त्याला आपली गरज नाही असे समजून तीही मागे सरते. खरी गरज असते ती नेमकी तेव्हाच. डोझियर यांच्या पद्धतीत प्रशिक्षक घरी दहा वेळा येतो, आणि झिडकारले तरी जवळ घ्यायचे, खेळात मुलाच्या मागे जायचे, त्याला घाबरवायचे नाही, हे प्रत्यक्ष प्रसंगातच दाखवून देतो.

त्रास देते म्हणून मुलाचे घर बदलणे हा तर सर्वांत घातक उपाय. आधीचे वर्तन कसेही असो, घरे बदलत राहिलेल्या मुलांत वर्तनसमस्या वाढतात, असे २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. आणि घर टिकायचे तर ते आधी मिळायला हवे: रुमानियाने २००४ च्या कायद्याने, गंभीर अपंगत्वाचा अपवाद सोडून, दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवणे बंद केले.