२४ टक्के कोणाचे?

सहलीचा एकच फोटो दोन मैत्रिणींनी समाजमाध्यमावर टाकला, असे समजू या. एक फोटो टाकून विसरून गेली. दुसरी मात्र दर पाच मिनिटांनी मोबाइल पाहते. किती लाइक आले? अमकीने अजून का पाहिला नाही? ती आपल्यावर रागावली तर नसेल? हे पाहून घरातील मोठी माणसे चटकन निकाल देतात. कोणी म्हणते, "आत्यावर गेली आहे, स्वभावच तसा!" कोणी म्हणते, "लहानपणी आईने लक्ष दिले नाही, दुसरे काय?" पहिल्या निकालात दोष आनुवंशिकतेच्या माथी जातो आणि दुसऱ्यात आईच्या. माझ्या मते दोन्ही निकाल घाईचे आहेत. ते कसे, हे पाहू.

मूल आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातील जिव्हाळ्याच्या नात्याला मानसशास्त्रात 'अनुबंध' म्हणता येईल. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने ही कल्पना मांडली आणि मेरी एन्सवर्थ यांनी ती प्रत्यक्ष निरीक्षणाने तपासली. वर्षाच्या आसपासचे मूल नव्या खोलीत खेळत असताना आई थोडा वेळ बाहेर जाई व परत येई. ती परतल्यावर काही मुले तिला बिलगून लगेच शांत होत आणि पुन्हा खेळू लागत. काही तिच्याकडे पाहतच नसत. काही बिलगूनही रडत राहत, आई पुन्हा जाईल ही धास्ती त्यांना सोडीत नसे. १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी हीच वर्गवारी मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिली. पुढे समाजमाध्यमांविषयीच्या काही अभ्यासांतही असे दिसले की, नाते तुटण्याची धास्ती ज्यांना अधिक वाटते ते इतरांच्या प्रतिसादाने अधिक हुरळतात आणि अधिक हिरमुसतात.

आता आनुवंशिकतेकडे वळू. तिचा वाटा मोजायला जुळ्या भावंडांचा उपयोग होतो. एकाच फलित बीजांडापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. दोन वेगळ्या बीजांडांपासून झालेल्या जुळ्यांमध्ये, जनुकांतील जे भेद माणसामाणसांत आढळतात, त्यांपैकी सरासरीने निम्मे समान असतात. पहिल्या प्रकारची जुळी एकमेकांशी अधिक जुळती वागत असतील, तर त्या वागण्यात जनुकांचा हात आहे, असे अनुमान निघते. ब्रिटनमधील १६ वर्षांच्या सुमारे ८,५०० जुळ्यांचा असा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. समाजमाध्यमांवर कोण किती वेळ घालवतो, यातील फरकांपैकी २४ टक्के वाटा जनुकांचा निघाला.

येथेच खरी गल्लत होते. २४ टक्के म्हणजे तुमच्या एका तासातील चौदा मिनिटे जनुकांनी ठरवली, असे मुळीच नव्हे. हा आकडा एका माणसाचा नाही. तो पुष्कळ माणसांमधील फरकांचा आहे, तोही त्या ठिकाणचा आणि त्या काळचा. कल्पना करा, एका गावात शंभर घरांपैकी दहाच घरांत मोबाइल आहे. तेथे कोण किती वेळ समाजमाध्यमांवर असतो हे मुख्यतः मोबाइल कोणाकडे आहे यावर ठरेल आणि जनुकांचा वाटा नगण्य दिसेल. उद्या प्रत्येकाला मोबाइल मिळाला, की स्वभावातील फरक उघडे पडतील आणि जनुकांचा वाटा वाढलेला दिसेल. वास्तविक गावात एकाचेही जनुक बदललेले नसेल! मग अशा आकड्याला विधिलिखित कसे म्हणावे?

एखादेच जनुक हेरून त्याच्यावर वागणुकीचा शिक्का मारणे तर याहून धोक्याचे. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक माणसामाणसांतील जवळिकीशी निगडित आहे. त्याचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाचे जनुक, आईच्या मायेच्या आठवणी आणि इन्स्टाग्रामवर आपण किती जणांना फॉलो करतो, यांचा संबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसला. पण त्यातील माणसे शंभरही नव्हती. अशा लहान अभ्यासांचा अनुभव सावध करणारा आहे. नैराश्याशी जोडलेली १८ जनुके वर्षानुवर्षे गाजत होती. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर ती तपासली, तेव्हा सहज उचललेल्या कोणत्याही जनुकांपेक्षा ती सरस ठरली नाहीत.

आईलाही दोष देण्याची घाई नको. जुळ्यांच्याच एका अभ्यासात, २०१४ मध्ये, किशोरवयातील अनुबंधाच्या फरकांतही सुमारे ४० टक्के वाटा जनुकांचा आढळला. म्हणजे अनुबंध ही केवळ आईच्या वागण्याची पावती नव्हे. शिवाय एकाच घरातील जुळ्यांनाही मित्र वेगळे भेटतात, शिक्षक वेगळे भेटतात, प्रसंग वेगळे येतात. मोबाइलच्या वापरातील फरकांत अशा वेगळेपणाचा हात मोठा आहे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. वारंवार मोबाइल पाहणाऱ्या मुलाला 'हा असाच' म्हणून बाजूला सारू नका. मोबाइल काढून घेणे सोपे आहे, पण त्याची धास्ती तशीच राहते. तुमचे विश्वासाचे दोन शब्द हाही त्याच्या परिस्थितीचाच भाग आहे, आणि तो भाग आपल्या हातातला आहे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही एक साधा प्रयोग करा. आठवडाभर मोबाइल हातात घेण्यापूर्वी वहीत एक ओळ लिहा: आता मला काय वाटते आहे? कंटाळा, उत्सुकता की धास्ती? आठवड्याच्या शेवटी ती पाने वाचा. जनुके कोणालाच निवडून घेता येत नाहीत. पण धास्ती वाटेल त्या वेळी फोटो पुन्हा न पाहता मैत्रिणीच्या घरी जाऊन तिला सरळ विचारता येते, "रागावलीस का ग?"