वेदपाठाने मेंदू खरंच ‘मोठा’ होतो का? उत्तर आकारात नाही, जोडणीत आहे

अहिल्यानगरचे १९ वर्षांचे वेदमूर्ती देवव्रत महेश रेखे डिसेंबर २०२५ मध्ये देशभर चर्चेत आले. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतल्या सुमारे २ हजार मंत्रांचं ‘दंडक्रम पारायण’ त्यांनी काशीत ५० दिवसांत पूर्ण केलं. शब्द सरळ आणि उलट क्रमाने, दर फेरीत एक शब्द वाढवत, तेही पोथी न बघता. असं पारायण सुमारे २०० वर्षांपूर्वी नाशिकमध्ये वेदमूर्ती नारायणशास्त्री देव यांनी केल्याचं सांगितलं जातं.

यानिमित्ताने ‘वेदपाठाने मेंदू वाढतो, हे विज्ञानानेही मान्य केलंय’ अशा अर्थाचा एखादा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. त्यात तथ्य किती?

अभ्यास काय सांगतो?

असा अभ्यास खरोखर झालाय. जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी २१ वेदपाठी पंडित आणि इतर २१ जणांच्या मेंदूंचं एमआरआय केलं. हा अभ्यास २०१६ मध्ये ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकात छापून आला. भाषा आणि स्मृतीशी संबंधित काही भाग पंडितांमध्ये जास्त जाड किंवा मोठे दिसले.

पण ही तुलना एकाच वेळची होती. पाठांतर सुरू करण्याआधी हे मेंदू कसे होते, ते त्यातून कळत नाही. त्यामुळे फरक पाठांतरामुळेच पडला, असं ठामपणे म्हणता येत नाही.

मग जाळं कुठे आलं?

नाशिकची वाहतूक समजून घ्यायची तर फक्त द्वारका चौकाची रुंदी मोजून भागेल का? कोणता रस्ता कुठे जोडलाय, कुठून किती गाड्या येतात, हेही बघावं लागेल. मेंदूचंही तसंच. या जोडण्यांच्या संपूर्ण नकाशाला २००५ मध्ये ‘कनेक्टोम’ हे नाव मिळालं.

‘फंक्शनल एमआरआय’ मेंदूतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल टिपतं. दोन भागांचे संकेत सोबतच वरखाली होत असतील, तर ते भाग एकत्र काम करतात असं मानलं जातं.

२०१७ मध्ये मार्टिन ड्रेसलर यांच्या चमूने ‘न्यूरॉन’मध्ये याच पद्धतीचा अभ्यास मांडला. स्मरणशक्तीच्या स्पर्धांमधल्या २३ अव्वल खेळाडूंची तुलना सामान्य लोकांशी केली. मग नवख्यांच्या एका गटाला रोज अर्धा तास, ४० दिवस सराव दिला. ओळखीच्या वाटेवरच्या एकेका जागी एकेक शब्द ‘ठेवायचा’, अशी ती युक्ती. आधी ७२ पैकी २६ ते ३० शब्द आठवणाऱ्यांना सरावानंतर सरासरी ३५ शब्द जास्त आठवू लागले. त्यांच्या मेंदूतल्या जोडण्यांचा नमुनाही खेळाडूंसारखा होत गेला.

याचा आपल्याशी काय संबंध?

मुलांचा ‘मेंदू जागृत’ करून देण्याचे महागडे कोर्स पालकांच्या याच भाबड्या आशेवर चालतात. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: तुलना कोणाशी केली? सरावाच्या आधी आणि नंतर मोजमाप झालं का? सुधारणा फक्त त्याच कामात झाली की अभ्यासातही?

रेखे यांच्या साधनेला फॉरवर्डच्या प्रमाणपत्राची गरज नाही. आणि त्या खेळाडूंसारखं लक्षात ठेवायला नवख्यांना कुठलं यंत्र लागलं नाही. लागला तो रोजचा अर्धा तास.