फॉर्म पाच बीकॉमच्या वर्गात येऊ द्या

अधिष्ठाता,
वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखा, मुंबई विद्यापीठ यांस,



पालघर-बोईसरकडची बीकॉम झालेली बरीच पोरं तारापूर एमआयडीसीत अकाउंट्सला चिकटतात. पाण्याचं बिल, सीईटीपीचं (सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं) बिल, घातक कचरा उचलणाऱ्याचं बिल, सगळं त्यांच्याच टेबलावर येतं. व्हाउचर बनवायला त्यांना येतं. त्या बिलात काय वाचायचं असतं, ते मात्र कुणी शिकवलेलं नसतं.

ईव्हीएस (पर्यावरण अभ्यास) होतं की, असं आपण म्हणाल. होतं. परिसंस्था, ओझोन, शिवाय कोकण आणि मुंबईचा नकाशा भरणं. नकाशाला माझी हरकत नाही. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं होतं, हे त्याच नकाशात पालघर भरणाऱ्या मुलीला कळायला नको? (एवढे गुण आमच्याकडे एरवी कुणाला पडत नाहीत.) एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. विषय आला, पण वाणिज्य शाखेत तो पाहुण्यासारखाच राहिला. अकाउंटन्सी आणि कॉस्टिंगच्या पेपरांशी त्याची ओळखच कुणी करून दिली नाही.

ती ओळख करून देणारा कागद कारखान्यातच असतो. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधला फॉर्म पाच. प्रदूषण मंडळाची कन्सेंट लागणाऱ्या कारखान्याने मार्चअखेर संपलेल्या वर्षाचं हे विवरण ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचं असतं. त्यात मालाच्या प्रत्येक एककामागे पाणी किती लागलं, कच्चा माल किती लागला, हे गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या आकड्यांसह शेजारी-शेजारी मांडायचं. समजा, टनामागचा कच्चा माल वाढला आणि तयार माल तोच आहे. मग वाढीव कच्चा माल गेला कुठे? नाल्यात, हवेत, नाहीतर गाळात. पैसे त्याचेही मोजलेले असतात. याच फॉर्मात पुढे एक रकाना आहे: प्रदूषण कमी करण्याच्या उपायांचा उत्पादन खर्चावर काय परिणाम झाला? हा सरळसरळ कॉस्टिंगचा प्रश्न आहे, पण फॉर्म भरतो सल्लागार आणि त्या रकान्यात एखादी गुळमुळीत ओळ टाकून मोकळा होतो. हिशेबनिसाला कुणी विचारतही नाही.

दुसरं उदाहरण समुद्राकडचं. सीईटीपीचं पाणी नवापूरला समुद्रात सोडतात. त्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या बाजूने अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने सीईटीपी आणि शंभरावर कारखान्यांवर मिळून शंभर कोटींहून जास्त भरपाई बसवली. आता एका कारखान्याच्या वाट्याची रक्कम घ्या. ताळेबंदात तिची तरतूद करायची, की संभाव्य देयता म्हणून टिपेत दाखवायची? लेखा मानक २९ शिकवायला याहून जवळचं उदाहरण आपल्या प्राध्यापकांना कुठे मिळेल?

नवा पेपर काढा असं मी म्हणत नाही, पेपर आहेत तेवढे पुरे. कॉस्टिंगच्या प्रात्यक्षिकात फॉर्म पाचचा कोरा नमुना आणि कल्पित आकडे द्या. खरे भरलेले फॉर्म कारखाने देतीलच असं नाही, पण नाव झाकून दोन-चार मिळाले तरी चालतील. आणि परीक्षेत त्यावर पंधरा गुणांचा, पर्याय नसलेला प्रश्न ठेवा. पर्याय दिलात तर तो कुणी सोडवणार नाही, हे आपणही जाणता.

आपला,
बोईसरचा एक हिशेबनीस