अक्षर लागेना...

डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूचे 'दृष्टिकेंद्र' असते. मग जन्मांध माणसाच्या डोक्यात ते रिकामे पडून असते का? मुळीच नाही. लहानपणापासून अंध असलेली माणसे ब्रेल वाचतात तेव्हा हाच भाग कामाला लागतो, हे सादातो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवून दिले. २००० साली प्रसिद्ध झालेली एक हकीकत तर चटका लावणारी आहे. ब्रेल सराईतपणे वाचणाऱ्या एका जन्मांध बाईंच्या मेंदूतला हा भाग रक्तपुरवठा तुटून दोन्ही बाजूंनी निकामी झाला. बोटांना ठिपके लागत होते, अक्षर मात्र लागेना!

'दृष्टिकेंद्र' हे आपण डोळसांनी ठेवलेले नाव, दुसरे काय.

मोबाइल सगळे वाचून दाखवतो, आता अंध मुलांना ब्रेलची कटकट कशाला, असे भलेभले म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. ऐकणे वेगळे, वाचणे वेगळे. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच. भारती ब्रेलमध्ये मात्र ऱ्हस्व-दीर्घाचे ठिपके वेगळे. घरातल्या डोळस पोराला आपण कधी म्हणतो का, की गोष्टी ऐकतोस ना, मग मुळाक्षरे कशाला गिरवतोस?